सगुणामावशीच्या खांद्याची मर्यादा

हे सांगायचं नव्हतं. सगुणामावशीच्या उजव्या खांद्याची मर्यादा शंभरातले चाळीस करण्यात आली होती, ही गोष्ट कॉलेजबाहेर बोलणार नाही, असं ज्यांनी लिहून दिलं त्यांत मीही आहे. पण त्या कागदावर बोलण्याचीच मनाई होती, लिहिण्याबद्दल काही नव्हतं. मी तो दोनदा वाचून पाहिला आहे.

बार्शी रस्त्याला जे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या वसतिगृहाच्या खाणावळीत मावशी सव्वीस वर्षं भाकऱ्या करते. रोज संध्याकाळी एकशे साठ. साडेपाचला पहिला उंडा मळायला घेते आणि आठ वाजता शेवटची भाकरी तव्यावरून उतरते. तवा सांभाळायला कलावती असते, थापणं मात्र मावशीचं एकटीचं. कॉलेजात सगळे तिला मावशीच म्हणतात. पोरं म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, आणि प्राचार्य तिच्याहून तीन वर्षांनी मोठे असूनही तेच म्हणतात.

गेली सहा वर्षं तिचा उजवा खांदा दुखत होता. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली हर्षदाताई टिपरे विचारायला आली, तेव्हा मावशी नाही म्हणाली नाही. हर्षदाताई माणसाच्या हालचालीचं गणित करते. भाकरी थापणाऱ्या बायकांचे खांदे पन्नाशीच्या आसपास का जातात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने मावशीच्या उजव्या हाताला, खांद्याला आणि पाठीला हरभऱ्याएवढे चकाकणारे गोळे चिकटवले, परातीखाली वजन मोजणारी फळी ठेवली आणि चारी बाजूंनी कॅमेरे लावून चाळीस भाकऱ्या थापायला लावल्या. मग कॉम्प्युटरमध्ये मावशीचं एक शरीर तयार झालं. त्याला कातडी नव्हती. हाडं होती आणि हाडांवर लाल दोऱ्यांसारखे स्नायू. मावशीने ते पाहिलं आणि आपण इतक्या बारीक आहोत हे घरी कुणाला पटणार नाही, असं म्हणाली.

त्या शरीरातल्या प्रत्येक स्नायूपुढे एक आकडा असतो. तो स्नायू किती जागा आहे, हे त्या आकड्यावरून कळतं. शून्य म्हणजे गाढ झोपलेला, शंभर म्हणजे पुरता जागा. आणि प्रत्येकाला वरची एक मर्यादा लिहिलेली असते, त्याच्यापुढे तो जागा होऊ शकत नाही. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली मर्यादा त्या माणसालाही लागू होते. संमतिपत्रकाच्या सातव्या कलमात तसं छापलेलं आहे आणि मावशीने त्यावर सही केलेली होती. यात नवीन काही नव्हतं. मार्च महिन्यात वॉचमन स्वामीकाकांच्या गुडघ्याचं काम चाललं होतं, तेव्हा त्यांना पंधरा दिवस जिना चढता येत नव्हता आणि त्यांची खुर्ची फाटकाशी आणून ठेवली होती.

दहा तारखेला, सोमवारी दुपारी, हर्षदाताईने मावशीच्या खांद्यावरच्या मोठ्या स्नायूची मर्यादा चाळीस केली. तो कमी पडला तर त्याचं काम कोण उचलतं, हे तिला बघायचं होतं. आकडा भरून तिने फाइल जतन केली आणि चहाला गेली.

संध्याकाळी पहिल्याच भाकरीला मावशीचा हात पिठाच्या डब्याच्या कडीएवढ्या उंचीवर थांबला. दुखलं नाही, मुंग्याही आल्या नाहीत. भरलेल्या एसटीत कंडक्टर जसा शांतपणे दार लावून घेतो, तसा हात त्याच्यापुढे जायचा बंद झाला. मावशीने दोनदा प्रयत्न केला. मग तिने कलावतीला सांगितलं की आपला नंबर लागलेला दिसतो, आणि होता तेवढ्या हाताने थापायला घेतलं. भाकऱ्या जाड झाल्या. एकीचाही पापुद्रा सुटला नाही. आठ वाजता नव्वद झाल्या होत्या आणि पोरं ताटं वाजवत होती.

खाणावळ तानाजीअण्णा शिंगाडे चालवतात. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली चपातीच्या मशीनचं एक रंगीत पत्रक दिवाळीपासून पडून होतं. तासाला आठशे चपात्या. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांना ते पत्रक आवडतं. मंगळवारी सकाळी त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं की शनिवारी वसतिगृहाची समिती जेवायला बसणार आहे. आठच्या आत एकशे साठ भाकऱ्या, आणि त्या फुगलेल्या, निघाल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मशीन, आणि मावशीने भांड्यांकडे जायचं. भांडी घासायला चाळीस पुरतात, असंही ते म्हणाले. त्यांना खोड्या काढायच्या नव्हत्या, त्यांनी हिशोब केला होता.

मावशी पदर खोचून दोन जिने चढली आणि प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

हर्षदाताईला फार वाईट वाटलं. तिने मावशीला स्वतःची खुर्ची दिली. पण कॉम्प्युटरवर चार हजार फेऱ्यांचं गणित लावलेलं होतं, ते अठ्ठावीस तारखेला संपणार होतं, आणि मध्येच मर्यादा बदलली की झालेल्या सगळ्या फेऱ्या वाया जातात. अठ्ठावीसनंतर प्रबंध द्यायची मुदत जेमतेम आठवडाभर होती. तिने मावशीला अर्ज करायला सांगितलं. अर्ज आला की विभागप्रमुखांना विचार करावाच लागतो.

अर्जाचा नमुना छापील होता. त्यात 'मागणी किती' असा एक रकाना होता. मावशीने शंभर लिहायला सांगितलं.

विभागप्रमुख रणदिवे सरांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. शंभर कुणालाच देत नाहीत, हे त्यांनी मावशीला नीट समजावून सांगितलं. चाळीस भाकऱ्यांमध्ये तिचा खांदा जास्तीत जास्त त्र्याऐंशीपर्यंत गेल्याची नोंद होती. जे कधी वापरलंच नाही ते परत कसं मागता येईल? मावशीला ते पटलं. तिने त्र्याऐंशी लिहायला सांगितलं. मग ती म्हणाली, की निदान झोपताना तरी खांद्याला पूर्ण सुट्टी द्या, शून्य करा.

"शून्य करता येत नाही, मावशी," रणदिवे सर म्हणाले. "कुठलाही स्नायू एकच्या खाली नेला की गणित अडतं. प्रत्येकाला निदान एक तरी जागं राहावंच लागतं."

"रात्रीचं पण?"

"रात्रीचं पण."

"तरीच म्हटलं," मावशी म्हणाली, "मला सहा वर्षांत धड झोप का लागंना."

सरांनी ही माहिती अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली.

त्र्याऐंशीचा अर्ज नामंजूर झाला, कारण फेऱ्या चालू होत्या. पण सरांनी एक तात्पुरती सोय मंजूर केली. डावा हात या गणितात नव्हता. तेव्हा उजव्या हाताचे जुने सगळे आकडे उचलून डाव्या हाताला द्यायचे, म्हणजे मावशीला डाव्या हाताने थापता येईल. प्रयोगशाळेत हे नेहमीच करतात. एका बाजूचं मोजतात आणि दुसरीला आरशासारखं लावतात. त्यामुळे मेहनत निम्म्याने वाचते.

बुधवारी संध्याकाळी मावशीच्या डाव्या हाताला थापायचं बळ आलं, पण भाकरी फिरेना. भाकरी थापताना एक हात थापतो आणि दुसरा तिला हळूहळू फिरवत राहतो, तेव्हा ती गोल होते. मावशीचा उजवा हात सव्वीस वर्षं फक्त थापत आला होता. फिरवायचे त्याचे स्नायू आठच्या वर कधी जागेच झाले नव्हते. तो आठ आता डाव्यालाही लागला होता. भाकरी परातीत एका जागी बसून राहिली. मधे पातळ, कडेला जाड, आणि त्यावर पाच बोटांचा स्पष्ट ठसा. पोरांनी त्यातली एक सूचनाफलकावर टाचणीने लावली. त्या दिवशी पंचावन्न झाल्या.

गुरुवारी मावशी ती फलकावरची भाकरी घेऊनच वर गेली. रणदिवे सरांनी ती उजेडात धरून पाहिली.

"शरीर दोन्ही बाजूंनी सारखं आहे असं धरतात," ते म्हणाले. "जगभर तसंच धरतात."

"धरणाऱ्याला भाकरी येत नसंल," मावशी म्हणाली.

सरांनी डाव्या हाताचे आकडे तासाभरात पूर्ववत करून दिले. ती भाकरी त्यांनी नमुना म्हणून ठेवून घेतली आणि तिला क्रमांक दिला.

मग हर्षदाताईला राखीव बळ आठवलं. कॉम्प्युटरमधल्या शरीराचे स्नायू कमी पडले तर ते मधेच कोसळू नये म्हणून सांध्याला थोडं वरचं बळ लावून ठेवतात. ते कुठल्या स्नायूचं नसतं. ते कुठूनच येत नाही, नुसतं असतं. प्रबंधात त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली की भागतं. मुख्य म्हणजे ते वेगळ्या पानावर असल्यामुळे चालू फेऱ्यांना धक्का लागत नाही. मावशीला त्रेचाळीस कमी पडत होते. तेवढं राखीव बळ तिच्या खांद्याला लावलं की झालं.

इथे विभागाचे लिपिक भोसेकर यांनी हरकत घेतली. कॉम्प्युटरमध्ये ते कुठून येत नसलं तरी कॉम्प्युटरबाहेर ते कुठूनतरी यावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांच्याकडे फाइल होती. मार्चमध्ये स्वामीकाकांच्या गुडघ्याला चार दिवस असंच बळ दिलं होतं, देणाऱ्याचं नाव न लिहिता. ते चार दिवस ग्रंथालयाची लिफ्ट प्रत्येक मजल्याच्या वीतभर खाली थांबत होती. तेव्हापासून नियम झाला आहे. देणाऱ्याचं नाव, नातं आणि सही लागते. एका माणसाकडून पाचाच्या वर घ्यायचे नाहीत. घेतलेले पाच त्याच्या उजव्या खांद्यातून दिवसरात्र वजा होतात, म्हणजे त्याचा हात पूर्वीपेक्षा चार बोटं खाली थांबतो. आणि ही गोष्ट कुणी बाहेर बोलायची नाही, नाहीतर कॉलेजात जो तो मागायला येईल.

त्रेचाळीस भागिले पाच. नऊ माणसं लागणार होती. उद्या पाचच्या आत.

मावशीने खाली येऊन परात उलटी घातली आणि तिच्यावर बसली. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. घरातलं विरजण संपलं तर ती दुधात मिरचीचं देठ टाकून दही लावते, पण शेजारच्या दारात वाटी घेऊन जात नाही. कलावती म्हणाली, की त्यापेक्षा भांडी बरी, भांड्यांना पापुद्रा लागत नाही. मावशीने चुलीकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्या चुलीसमोर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. मग ती उठली.

पहिली सही हर्षदाताईने मागायच्या आधीच केली. स्वामीकाकांनी दुसरी केली. ते म्हणाले की गुडघ्याच्या वेळी आपण न विचारता लिफ्टचं घेतलं होतं, ते मनाला लागून राहिलं आहे. कलावतीने पुढे केलेला हात भोसेकरांनी नाकारला, कारण तव्यावर भाकरी टाकायला तो पुरा लागतो. ज्या पोरांनी भाकरी फलकावर लावली होती त्यांतले दोघं खाली मान घालून आले. मावशीची धाकटी बहीण आणि मेहुणे गावातून रिक्षाने आले. रणदिवे सरही द्यायला तयार होते, पण मंजूर करणाऱ्याला देता येत नाही. मग भोसेकरांनी स्वतःच एक कोरा नमुना ओढून घेतला आणि स्वतःचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'जेवणारा' असं लिहिलं. त्यांच्या सगळ्या फायली खालच्या कप्प्यात असतात, त्यामुळे अडणार काही नव्हतं.

सात सह्या झाल्या. मावशी अण्णांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"अण्णा, पाच पायजेत."

अण्णांनी काचेखालच्या पत्रकाकडे पाहिलं. "मशीन आणायचं म्हणतोय मी. आणि माझ्याकडंच मागायला आलीस?"

"दुसऱ्या कुणाचे इतके कोरे असतील असं वाटलं न्हाई. सव्वीस वर्षांत एक पातेलं उचलताना बघितलं न्हाई तुमाला."

अण्णा पहिल्यांदा रागावले, मग त्यांना हसू आलं, मग ते गंभीर झाले. सही करताना त्यांनी विचारलं की कॅलेंडरचं पान फाडता येईल ना. चार बोटं खाली खिळा मारा, असं मावशीने सांगितलं.

नववं माणूस मिळेना. शुक्रवारी पाचाला वीस मिनिटं उरली होती. मावशीच्या बहिणीची मुलगी आईबरोबर आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. ती नववीत आहे आणि लोकांत बोलत नाही. तिने आईचा पदर ओढून कानात काहीतरी सांगितलं. वय कमी असल्यामुळे पालकांची संमती लागली. पालक स्वतःच देणारे असतील तर ती चालते का, हे भोसेकरांनी नियमांत शोधलं. नियम त्याबद्दल गप्प होते. पाचाला चार मिनिटं असताना त्यांनी शिक्का मारला.

शनिवारी समिती सव्वासातला जेवायला बसली. प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि एक पालक-प्रतिनिधी. मावशीचा हात पहिल्या भाकरीला डब्याच्या कडीपाशी आला, क्षणभर थांबला आणि मग वर गेला. तो आपलाच हात आहे हे तिला कळत होतं, आणि त्यात आणखी कुणीकुणी आहे हेही. अण्णांचे पाच जरा उशिरा लागत होते. बहिणीचे आधी लागायचे. कलावतीला शंभराव्या भाकरीनंतर घाम पुसायला वेळ मिळाला नाही. आठाला सहा मिनिटं असताना एकशेसाठावी फुगली. प्राचार्यांनी तीन खाल्ल्या आणि ठेचा मागून घेतला. मशीनबद्दल कुणी विषय काढला नाही, आणि सोमवारी काचेखाली पत्रक नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सरळ गेले. स्वामीकाकांचा सलाम कानापर्यंतच यायला लागला, तेव्हा काही प्राध्यापकांना वाटलं की ते माजले. मेहुण्यांनी सदरा खालच्या खुंटीला लावायला सुरुवात केली. नववीतल्या मुलीचा हात वर्गात पूर्वीइतका वर जात नसे, पण तो कधी वर गेलेलाच नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अठ्ठावीस तारखेला चार हजार फेऱ्या संपल्या. हर्षदाताई निकाल घेऊन स्वतः खाली आली. तिने मावशीला विचारलं, खांदा शेवटचा कधी दुखला. मावशीने आठवून पाहिलं. चौदा दिवस दुखला नव्हता. गणितातही तेच आलं होतं. स्वतःचे चाळीस आणि बाकीचं राखीव, अशा रीतीने थापलं तर सांध्यावरचा भार निम्मा होतो आणि खांदा आणखी वीस वर्षं टिकतो. मर्यादा परत त्र्याऐंशी केली तर तिसऱ्या दिवशी दुखायला लागेल, आणि चौथ्या वर्षी हात वर जाणार नाही. मग चुलीसमोर कुणालाही बसवलं तरी ती मावशी नसेल.

रणदिवे सरांनी दोन कागद पुढे ठेवले. एकावर मर्यादा पूर्ववत करण्याचा आदेश होता. दुसऱ्यावर ती चाळीस कायम ठेवण्याचा. मर्यादा प्रयोगशाळेच्या हातात आहे, पण राखीव बळ देणाऱ्यांचं आहे, असं ते म्हणाले. त्यांनी मागितलं तर त्याच दिवशी परत करावं लागेल.

"मग आधी त्यास्नी विचारून येते," मावशी म्हणाली. या वेळी ती परातीवर बसली नाही.

ती एकेकाकडे गेली. स्वामीकाका म्हणाले की कानापर्यंतचा सलाम खरं तर सोयीचा आहे. अण्णा म्हणाले की खिळा मारून झाला, आता पुन्हा भिंतीला भोकं पाडायची नाहीत. हर्षदाताईने प्रबंध होईपर्यंत तरी राहू दे असं सांगितलं आणि मग त्यानंतरही. भोसेकरांनी नुसती मान डोलावली. बहीण रागावली, की हे काय विचारणं झालं. मेहुणे तिच्याकडे बघून हो म्हणाले. पोरांपैकी एकाने मात्र परत मागितले. तो जलद गोलंदाज होता आणि त्याचे सामने जवळ आले होते. मावशीने ते तिथल्या तिथे लिहून दिले. आता खांद्याला ऐंशीच मिळतील, शेवटच्या चार भाकऱ्या जाड निघतील, असं कलावती म्हणाली, तेव्हा मावशी म्हणाली की त्या त्यालाच वाढू.

शेवटी ती बहिणीच्या मुलीकडे आली. मुलगी गृहपाठ करत होती. मावशी तिच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, की तू लहान आहेस, तुला हात वर करायचे दिवस पुढे आहेत, तुझे मी पहिल्यांदा परत करीन, तू लाजू नकोस. तोंडी उत्तर चालतच नव्हतं, कागदावर रकाना होता. मुलीने मावशीच्या हातातला कागद घेतला, तो दोनदा वाचला, पेनचं टोपण काढलं आणि तिथे लिहिलं की माझे पाच

आई हाक मारते आहे. वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढायचा असेल, त्याला हल्ली आम्ही दोघी लागतो, एकीने डबा सरकवायचा आणि दुसरीने